बॅस मत्स्यपारध, दाट पाणवनस्पतींतील

बॅस मत्स्यपारध, दाट पाणवनस्पतींतील : तळी, जलाशय व संथ नद्या यांतील पाणवनस्पतींच्या गर्दीत दबा धरून बसणारा मोठ्या तोंडाचा बॅस, म्हणजेच लार्जमाउथ बॅस, हा गोड्या पाण्यातील मासा काठी, रीळ, दोरा व गळ यांच्या साहाय्याने पकडण्याचा छंद आणि त्याचे तंत्र. हा छंद मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः फ्लॉरिडा, जॉर्जिया, ॲलाबॅमा, लुइझिॲना व टेक्सस या दक्षिणेकडील राज्यांत, रूढ आहे; तेथून तो मेक्सिको, जपान, दक्षिण आफ्रिका इ. देशांतही पसरला. उघड्या पाण्यातील मत्स्यपारधीत साहित्याची निवड माशाच्या आकारमानावरून करतात. दाट वनस्पतींत मात्र ती प्रामुख्याने वनस्पतींवरून करावी लागते. दोन किग्रॅ. वजनाच्या माशासाठी तीस किग्रॅ. भार पेलणारा दोरा वापरलेला पाहून नवख्यास आश्चर्य वाटते. परंतु माशाबरोबरच त्याच्याभोवती गुरफटलेला ओल्या वनस्पतींचा भाराही वर ओढावयाचा असतो, हे ध्यानात घेतल्यास या निवडीमागील कारण कळते.

बॅस हा सेंट्रार्किडी म्हणजे सनफिश कुलातील मासा असून त्याच्या मायक्रॉप्टेरस या प्रजातीचे वर्णन लासेपॅद या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८०२ मध्ये केले. उत्तरेकडील व फ्लॉरिडातील बॅस हे दीर्घकाळ एकाच जातीचे दोन उपप्रकार मानले जात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर त्या दोन स्वतंत्र जाती ठरविण्यात आल्या. सॅल्मॉयडिस हे नाव आता फ्लॉरिडातील जातीकडे गेले असून उत्तरेकडील जातीस मायक्रॉप्टेरस नायग्रिकॅन्स असे म्हणतात. पाठ हिरवट, पोट पांढुरके, बाजूवर काळसर डागांचा एक आडवा पट्टा आणि डोळ्यांच्याही मागे जाणारा वरचा जबडा ही त्याची ओळखण्याची लक्षणे होत. पाण्याचे तापमान सु. १५° से.च्या वर गेले की, नर उथळ पाण्यात तळ साफ करून घरटे करतो आणि मादीने अंडी घातल्यावर ती व पिले यांची राखण करतो. जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी सरोवरात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी यांनी पकडलेला सु. १०.०९ किग्रॅ. (२२ पौंड ४ औंस) वजनाचा बॅस हा जागतिक उच्चांक मानला जातो. जपानमधील बिवा सरोवरात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांना मिळालेला मासा त्याहून सु. एक औंस अधिक भरला; परंतु या वजनाच्या माशाचा जुना उच्चांक मोडण्यास किमान दोन औंसांचा फरक लागतो, असा इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचा नियम असल्याने दोघांचा उच्चांक बरोबरीचा धरण्यात आला. सर्वसाधारणपणे छंदी माणसाच्या गळाला लागणारा बॅस अर्धा ते अडीच किग्रॅ. भरतो.

वनस्पती आणि मासा : बॅस लांबवर पाठलाग करून भक्ष्य गाठणारा मासा नव्हे. तो आडोशाला स्थिर राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच तोंड झटकन उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. लहान मासे, चिंगाटीसारखे दिसणारे गोड्या पाण्यातील क्रेफिश आणि बेडूक हे त्याचे खाद्य. ही सगळी भक्ष्ये वनस्पतींत असतात, म्हणून बॅसही तेथे असतो. पण वनस्पती जितक्या दाट तितका बॅस अधिक, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरतो. जॅक्लीन साव्हिनो व रॉय स्टाइन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टाक्यांमध्ये कृत्रिम देठ रोवून दर चौ.मी.मधील त्यांची संख्या शून्यापासून एक हजारापर्यंत बदलत नेली. देठ विरळ असताना बॅस हिंडून ब्लूगिल या लहान माशांची शिकार करीत; देठ वाढत गेले तशी त्यांची शिकार कमी होत गेली आणि दाट देठांत ते हिंडणे सोडून दबा धरून बसू लागले. टेक्ससमधील तीस जलाशयांच्या पाहणीत (१९८४) बुडीत वनस्पतींनी व्यापलेले क्षेत्र वीस टक्क्यांपर्यंत वाढत असताना बॅसची विपुलताही वाढत असल्याचे आढळले. यातून गळ टाकणाऱ्याला मिळणारा बोध असा की, एकसलग दाट पट्ट्याच्या मध्यभागी कोठेही गळ टाकण्यात अर्थ नाही. पट्ट्याची कड, त्यातील भोक, दोन प्रकारच्या वनस्पतींची सीमा, होडीने कापलेली वाट किंवा तळातील खोलगट भाग यांच्या लगत मासा असतो. अनुभवी माणसाचा निम्मा वेळ गळ टाकण्यापेक्षा अशा जागा हेरण्यात जातो.

दुसरे कारण प्राणवायूचे. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री त्याच वनस्पती श्वसनासाठी तो वापरतात. त्यामुळे दाट पट्ट्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी व दुपारनंतर सर्वांत अधिक असतो. पृष्ठभाग पूर्ण झाकला गेला असेल, तर खाली प्रकाशच पोचत नाही व कुजणाऱ्या भागामुळे प्राणवायू आणखी घटतो. आपल्याकडील मरळ मासा अशा पाण्यातही निभावतो, कारण तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो [⟶ मरळ]. बॅसला ही सोय नसल्यामुळे कुजका वास येणारा, तपकिरी पडलेला थर सोडून हिरव्या, वाढत्या वनस्पतींकडे वळणे हिताचे ठरते. वरच्या थराखाली मात्र अनेकदा मोकळी, सावलीची जागा असते. हायड्रिलाचे देठ पृष्ठभागाशी पोचल्यावर आडवे फांद्या फोडून छत करतात, खाली ते विरळ असतात. उन्हाळ्याच्या दुपारी मोठे मासे या छताखाली विसावतात. तेथे ब्लूगिल मासे थराच्या खालच्या बाजूचे कीटक टिपू लागले की, टिचकी मारल्यासारखा आवाज ऐकू येतो. हा आवाज ऐकून जाणकार होडी थांबवितात, कारण जेथे ब्लूगिल तेथे बॅस असण्याचा संभव मोठा.

वनस्पतींच्या घडणीप्रमाणे अडचणी निरनिराळ्या. पाणकणीस व लव्हाळे यांचे देठ उभे आणि चिवट असतात. त्यांत दोरा देठाला वेटोळे घालतो, पण वरून मोकळी वाट असते. कुमुदाची पाने तरंगतात व देठ एकेकटे असतात. मासा देठांभोवती फिरून दोरा अडकवितो. हायड्रिला व मिलफॉइल यांचे देठ मऊ, पण असंख्य असल्याने सारा भार एकदम येतो. लेम्ना, सुटे शेवाळ व जलपर्णी यांचे तरंगते थर वाऱ्याने जागा बदलतात, तेव्हा सकाळी पाहून ठेवलेली जागा दुपारी तेथे नसते.

दोरा : साहित्यात पहिला विचार दोऱ्याचा करावा. रीळ, काठी व गळ त्याला अनुरूप घ्यावेत, उलट करू नये. १९३९ च्या सुमारास नायलॉनचा एकतंतू दोरा आला आणि पूर्वीचे रेशमी व तागाचे दोरे मागे पडले. नायलॉन ताणले असता बरेच लांबते. उघड्या पाण्यात हा गुण माशाचे हिसके शोषून घेतो. दाट वनस्पतींत तोच दोष ठरतो, कारण दोरा ताणला जाईपर्यंत मासा देठांत शिरलेला असतो. १९९० च्या दशकापासून अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाच्या तंतूंचे वेणीसारखे विणलेले दोरे प्रचारात आले आणि या प्रकारच्या मत्स्यपारधीचे स्वरूपच पालटले. सु. ३० किग्रॅ. भार पेलणारा असा दोरा जेमतेम ०.४ मिमी. जाड असतो, त्याच जाडीचा नायलॉनचा दोरा सात-आठ किग्रॅ. भाराला तुटतो. विणलेला दोरा फारच थोडा लांबतो, पाण्याहून हलका असल्याने तरंगतो आणि मऊ देठ करवतीप्रमाणे कापीत जातो. तरंगत्या थरांवर व हायड्रिलात २२ ते ३६ किग्रॅ. (५० ते ८० पौंड) क्षमतेचा दोरा घेतात. याचे दोषही आहेत. तो गुळगुळीत असल्याने साध्या गाठी सुटतात, म्हणून दुहेरी फास्याची पॅलोमार गाठ पसंत करतात. रिळावर गुंडाळण्यापूर्वी खाली थोडा नायलॉनचा दोरा वा चिकटपट्टी दिली नाही, तर सबंध गुंडाळी रिळावरच घसरते. चिवट, काष्ठमय देठात तो रुतून बसतो. स्वच्छ पाण्यात व विरळ वनस्पतींत तो माशाला दिसतो; तेथे पाण्याच्या जवळचा वक्रीभवनांक असलेला फ्लुओरोकार्बनाचा दोरा बरा.

काठी आणि रीळ : दाट वनस्पतींसाठी २.१ ते २.४ मी. लांबीची, बुडाशी अतिशय ताठ आणि केवळ शेंड्याकडील भागात वाकणारी काठी लागते. लांब काठीने एकाच झटक्यात अधिक दोरा आवरता येतो व माशाचे डोके वर ठेवता येते. पूर्वी चिरलेल्या बांबूच्या, पुढे पोलादाच्या व दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या होत्या. १९७० च्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या आल्यावर वजन न वाढविता हवा तेवढा ताठपणा मिळू लागला. दिवसभर उभे राहून काही शे वेळा आमिष टाकणाऱ्याच्या मनगटाला हा फरक किती मोठा, हे सांगावयास नको. बेडकाच्या आकाराच्या आमिषासाठी शेंडा किंचित मऊ असावा, नाहीतर आमिष नेमके टाकता येत नाही आणि हलविताना जिवंत वाटत नाही.

ज्याची फिरकी दोऱ्याला काटकोनात असते असे, म्हणजे बेटकास्टिंग प्रकारचे, रीळ येथे योग्य होय. हँडलाच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे होणाऱ्या अशा रिळाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातील घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांच्यापासून सुरू होते. आज दाट वनस्पतींसाठी सातास एक ते आठास एक असे दंतचक्र-गुणोत्तर घेतात. अशा रिळावर एका फेऱ्यात सु. पाऊण मीटर दोरा येतो. वेग हवा तो माशाला थकविण्यासाठी नव्हे, तर गळ लागल्यानंतरच्या पहिल्या दोनतीन सेकंदांत दोरा सैल पडू नये म्हणून. याच कारणाने दोरा सुटू देणारा रोधक जवळजवळ पूर्ण आवळून ठेवतात. उघड्या पाण्यात असे करणे अविचाराचे ठरेल.

गळ, वजन आणि आमिष : एवढ्या ओढीला बारीक तारेचा गळ सरळ होतो, म्हणून जाड तारेचा, ३/० ते ५/० आकाराचा एकेरी गळ घेतात. तीन टोकांचा गळ वनस्पतींत निरुपयोगी. मऊ प्लॅस्टिकच्या आमिषात गळाचे टोक आतच दडवून ठेवण्याच्या बांधणीस टेक्सस बांधणी म्हणतात. ओहायओ राज्यातील ॲक्रन येथील निक क्रीम यांनी १९४९ मध्ये व्हिनिलाचा मऊ कृत्रिम किडा तयार केला आणि पुढे या बांधणीने तो देठांतून न अडकता नेता येऊ लागला. त्यापूर्वीही १९२० च्या दशकात शिकागोचे लुई जॉन्सन यांनी गळासमोर तारेचे संरक्षण असलेला धातूचा चमचा काढला होता. तो आजही वापरात आहे.

छतासारख्या थराखाली पोचण्याचे तंत्र पंचिंग या नावाने ओळखले जाते. आखूड, निमुळत्या आमिषापुढे २८ ते ५६ ग्रॅ. वजनाची गोळी बसवून ती थरातून सरळ खाली सोडतात. गोळी आमिषापासून दूर सरकल्यास आमिष वरच अडकते, म्हणून रबरी मण्याने ती जागी पक्की करतात. शिशाची घनता ११.३, तर टंगस्टनाची १९.३ असल्याने तेवढ्याच वजनाची टंगस्टनाची गोळी बरीच लहान होते व लहान छिद्रातून जाते. किंमत मात्र कितीतरी अधिक पडते. ईशान्येकडील काही राज्यांत पाणपक्ष्यांना होणाऱ्या विषबाधेमुळे शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे, हेही एक कारण. मासा बहुधा आमिष खाली पडत असताना किंवा तळाशी टेकताच घेतो. नुसते दोऱ्याचे आडवे सरकणे किंवा गोळी अपेक्षेपेक्षा लवकर थांबणे, एवढीच खूण मिळते. आखूड अंतरावरून दोऱ्याची लांबी कायम ठेवून झोका देऊन आमिष सोडण्याच्या फ्लिपिंग या तंत्रातून हे तंत्र निघाले. कॅलिफोर्नियाच्या डी टॉमस यांनी १९७५ मध्ये आर्कॅन्सॉमधील बुल शोल्स सरोवरावरील स्पर्धा फ्लिपिंगने जिंकल्यावर ते देशभर पोचले.

थरावरून ओढण्यासाठी पोकळ, मऊ रबरी बेडूक वापरतात. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. माशाने तोंडात दाबल्यावर अंग चेपून ते उघडे पडतात. बॅस खालून थर फोडून येतो व पुष्कळदा पहिल्या झडपेत बेडूक चुकवितो. पाण्याचा मोठा आवाज होताच काठी मागे ओढण्याची उबळ येते, आणि येथेच अधिकांश मासे निसटतात. बेडूक दिसेनासा होऊन दोऱ्यावर भार जाणवेपर्यंत थांबणे हा नियम सांगावयास सोपा आहे. भारतातही मरळीसाठी छंदी लोक असेच रबरी बेडूक वापरतात. झाकलेल्या पाण्यातून वर झेपावणारा शिकारी मासा हे दोन्हीकडे साम्य आहे. थर नसलेल्या, पाण्याखालीच राहिलेल्या वनस्पतींवर फिरती पाती असलेले स्पिनरबेट किंवा तंतूंच्या झुबक्याने गळ झाकलेले जिग पुरते व दोराही हलका चालतो.

गळ लागल्यावर काठी उंच धरून माशाचे डोके पृष्ठभागाकडे वळविणे व त्याला थरावरून घसरत आणणे हे उद्दिष्ट. मासा खोल शिरलाच तर हिसके देऊ नयेत. दोरा ताठ ठेवून होडीच माशाकडे न्यावी आणि हाताने वनस्पती बाजूस सारून त्याला काढावे. जड साहित्याला काही जण आडदांड व खेळाच्या भावनेला सोडून असल्याचे म्हणतात. हा आक्षेप उघड्या पाण्यापुरता खरा आहे. देठांत तुटलेला दोरा मात्र माशाच्या तोंडात गळ व शेपटामागे काही मीटर दोरा ठेवून जातो आणि तो दोरा वनस्पतीत अडकल्यास मासा जागीच मरतो. दाट जागी हलके साहित्य वापरणे हीच खरी निर्दयता होय. पकडलेले बॅस जिवंत परत सोडण्याची प्रथा रे स्कॉट यांनी स्थापन केलेल्या संघटनेने १९७२ पासून स्पर्धांत नेटाने रुजविली. कडक उन्हाळ्यात मात्र होडीतील टाकीत फार वेळ ठेवलेले मासे सोडल्यानंतरही मरतात.

वनस्पतींचे नियंत्रण : या छंदाचे मैदान बऱ्याच अंशी परकीय वनस्पतींनी तयार केलेले आहे. हायड्रिला ही आपल्या तळ्यांत सहज आढळणारी वनस्पती १९५० च्या दशकात मत्स्यालयातील शोभेसाठी फ्लॉरिडात नेण्यात आली. दक्षिणेकडील राज्यांत पसरलेला तिचा प्रकार भारतीय उपखंडातील वनस्पतींशी जवळचा असल्याचे जनुकीय तुलनेत दिसून आले आहे. अनुकूल परिस्थितीत तिचे देठ दिवसाला सु. अडीच सेंमी. वाढतात आणि तुटलेल्या लहानशा तुकड्यापासून नवे झाड होते. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली, मिलफॉइल युरेशियातून. नौकानयन, पाणीपुरवठा व जलविद्युत केंद्रे यांना त्यांचा मोठा उपद्रव होतो. गळ टाकणाऱ्यांना त्या हव्या असतात. या वादाचे एक टोक टेक्ससमधील कॉन्रो सरोवरात दिसले. तेथे १९८१–८२ मध्ये सोडलेल्या सु. २,७०,००० गवत्या माशांनी १९८३ पर्यंत बुडीत वनस्पती जवळजवळ नष्ट केल्या आणि सरोवरातील माशांच्या समूहाची घडणच बदलली. तेव्हापासून वांझ, त्रिगुणित गवत्या मासे मोजून सोडणे, ठरावीक पट्ट्यांत तणनाशके फवारणे व यंत्राने वाटा कापणे यांकडे कल आहे. मर्यादित वनस्पती राखण्याचे धोरण बॅसच्याही हिताचे आहे, हे वरील प्रयोगांवरून दिसतेच.

हायड्रिलाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घेणे जरूर आहे. १९९० च्या दशकात आर्कॅन्सॉमधील जलाशयांवर टकल्या गरुडांचे गूढ मृत्यू आढळले. हायड्रिलाच्या पानांवर वाढणारा एक सायनोबॅक्टेरिया ब्रोमाइडयुक्त पाण्यात मज्जाविष तयार करतो, वनस्पती खाणाऱ्या कूट पक्ष्यांतून ते गरुडांत जाते, असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. बॅस स्वतःही इतरत्र उपद्रवी ठरला आहे. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात सोडलेला हा मासा पुढे देशभर पसरला व तेथील स्थानिक मासे घटले. २००५ मध्ये अंमलात आलेल्या परकीय जीवांविषयीच्या कायद्याने त्याची वाहतूक, पालन व नव्या पाण्यात सोडणे यांस बंदी घातली. अमेरिकेत एका सरोवरातून दुसरीकडे जाताना होडी, तिचा पंखा व गाडा यांना चिकटलेले हायड्रिलाचे तुकडे काढून टाकणे अनेक राज्यांत कायद्याने बंधनकारक आहे.